बालसाहित्याच्या प्रथमावृत्तींचा संग्रह

बालसाहित्याच्या प्रथमावृत्तींचा संग्रह : गाजलेल्या बालपुस्तकांच्या अगदी पहिल्या छपाईतल्या जुन्या प्रती शोधून जमवण्याचा छंद व त्यावर उभा असलेला व्यापार. तो मुख्यतः ब्रिटन-अमेरिकेत रुजला. मराठीत मजकूर न बदलता केलेल्या पुनर्मुद्रणालाही सर्रास ‘दुसरी आवृत्ती’ म्हणतात. संग्राहक मात्र आवृत्ती आणि मुद्रण यांत काटेकोर भेद करतो. त्याला पहिल्या आवृत्तीचे पहिलेच मुद्रण हवे असते.

मुलांची पुस्तके धड उरत नाहीत, ही यातली खरी अडचण. चित्रांवर रंगकाम होते, पाने निखळतात, पहिल्या पानावर नाव गिरवलेले असते. बाहेरचे कागदी वेष्टन तर सगळ्यात आधी फाटते. म्हणून विसाव्या शतकातल्या पुस्तकाचा भाव पुष्कळदा या वेष्टनावरच ठरतो. त्याच्या कोपऱ्यातली छापील किंमत कातरलेली असली तरी तो उतरतो. एकूण, मुलांच्या हाती फारशी न लागलेली प्रत सर्वांत महाग, असा हा उफराटा बाजार आहे.

छपाईतल्या चुकांनाही येथे मोल आहे. लुईस कॅरलच्या ‘ॲलिस’च्या २,००० प्रती १८६५ मध्ये छापून झाल्या, पण चित्रकार जॉन टेनिएलला चित्रांची छपाई पसंत पडली नाही. वाटलेल्या प्रती परत मागवून पुस्तक नव्याने छापले गेले. रद्द केलेल्या छपाईचे न बांधलेले फर्मे (छापलेले ताव) न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने घेऊन १८६६ मध्ये अमेरिकेत विकले. मूळ १८६५ च्या बांधणीतल्या जेमतेम वीस-बावीस प्रती आज माहीत आहेत. कॅरलचे खरे आडनाव डॉजसन. गंमत म्हणजे, टोल्किनच्या ‘द हॉबिट’च्या (१९३७, १,५०० प्रती) वेष्टनावरच्या मजकुरात ‘ॲलिस’चा दाखला देताना याच आडनावात एक अक्षर जास्तीचे पडले आणि ते शाईने हातानेच खोडावे लागले. ती खोडलेली रेघ आता अस्सलपणाची खूण मानली जाते.

‘हॉबिट’च्या बाबतीत हव्यासाला वाङ्मयीन कारणही आहे. १९५१ च्या आवृत्तीत टोल्किनने गॉलम या गुहेतल्या प्राण्याच्या कोड्यांचे प्रकरण बदलले. आधीच्या पाठात गॉलम पैजेत अंगठी देऊ करतो आणि हरल्यावर नायक बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो.

बीट्रिक्स पॉटरने प्रकाशकांनी नाकारलेल्या ‘पीटर रॅबिट’च्या २५० प्रती डिसेंबर १९०१ मध्ये स्वखर्चाने छापल्या, रंगीत चित्रांची व्यापारी आवृत्ती १९०२ ची. ‘हॅरी पॉटर’च्या पहिल्या भागाची (१९९७) पुठ्ठाबांधणीची पहिली छपाई अवघी ५०० प्रतींची. तिच्या ५३ व्या पानावरच्या यादीत जादूची छडी दोनदा आली आहे. यांतल्या पुष्कळ प्रती ग्रंथालयांत गेल्याने त्यांवर शिक्के आहेत.

सार्वजनिक संग्रहांत टोरांटोच्या ग्रंथालयातील ऑस्बोर्न संग्रह (१९४९) आणि ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात १९८८ मध्ये आलेला, आयोना व पीटर ओपी या अभ्यासक दांपत्याचा संग्रह महत्त्वाचे. मुलांची गाणी आणि खेळ यांचा अभ्यास करताना ओपींना लागत गेली ती ही पुस्तके.