ताट वाजवलं, बाळ वळलं, म्हणजे ऐकू येतं?

बाळाच्या मागे ताट वाजवायचं. ते दचकलं किंवा वळलं की कान ठणठणीत, असा एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. घरच्या घरी होणारी तपासणी म्हणून तो पटतोही.

पण बाळ कशाला वळलं, हे त्यातून कळत नाही. मागे हललेली सावली, वाऱ्याची झुळूक, जमिनीतून आलेला हादरा, यांनाही ते वळतं. शिवाय ताटाचा खणखणाट नेहमीच्या बोलण्याहून खूप मोठा. मध्यम बहिरेपणा असलेल्या बाळाला तो ऐकू येईल, आईची हाक कदाचित नाही. काहींना ढोल, दार ऐकू येतं, 'स', 'श' निसटतात. कर्णबधिर बाळंही सुरुवातीचे काही महिने हुंकारतात, त्यामुळे 'आवाज तर काढतोय' हाही पुरावा नाही.

खात्री करायची तर ओएई (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का, ते पाहणारी) आणि बेरा (आवाज नसेतून मेंदूकडे पोहोचतो का, ते पाहणारी) या चाचण्या आहेत. बाळ झोपलेलं असताना होतात, टोचावं लागत नाही, जन्मानंतर दोन-तीन दिवसांतही करता येतात. पहिल्या चाचणीत 'पुन्हा तपासा' आलं तर घाबरू नका. कानात द्रव असला तरी तसं येतं. मात्र पुन्हा जायचंच. जगभर धरला जाणारा क्रम असा: 1 महिन्यात चाळणी (पहिली तपासणी), 3 महिन्यांत निदान, 6 महिन्यांच्या आत उपाय सुरू. श्रवणयंत्र असो वा खुणांची भाषा, मेंदूला भाषा लवकर मिळायला हवी.

'याचे बाबाही उशिराच बोलले होते,' असं म्हणणाऱ्या आजीशी वाद घालू नका. तपासणीला तिलाही सोबत न्या.