काहिलीतील विसर्जन

घरगुती गणेशमूर्ती पंचगंगेत किंवा रंकाळ्यात न सोडता पाण्याने भरलेल्या काहिलीत बुडवण्याची कोल्हापूर परिसरातील प्रथा. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची रुंद, उथळ कढई. गुळाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास धरतो. भाद्रपदात काहिली रिकाम्याच असतात. त्या ट्रॅक्टरवर घालून चौकात मांडता येतात. घाट पुराच्या पाण्याखाली असला तरी गल्लीतले विसर्जन अडत नाही. मंडळांच्या मोठ्या मूर्तींसाठी काहील पुरत नाही. त्यांना इराणी खण, म्हणजे शहरातील पाण्याने भरलेली जुनी दगडखाण, आहे.

‘मूर्ती दान करा’ एवढेच सांगितले की अनेकांना चुकल्यासारखे वाटते, कारण बुडवल्याशिवाय निरोप पुरा होत नाही. काहिलीपाशी आरती होते, मूर्ती तीनदा पाण्यात बुडवता येते, खिरापत वाटली जाते. पाटावर मूठभर वाळू घेऊन घरी परतायची रीत आहे, म्हणून काहिलीशेजारी वाळूचा ढीग हवाच. ही बाब किरकोळ नाही.

हार, दूर्वा, आघाडा, गौरीचा तेरडा आधी उतरवून घ्यावा. दोरा व प्लास्टिक काढून निर्माल्य खताच्या खड्ड्यात टाकावे. ते काहिलीतच पडले तर पाणी दुसऱ्या दिवशी कुजते. शाडू आणि प्लास्टर यांच्या काहिली वेगळ्या ठेवाव्यात. न रंगवलेल्या शाडूचा गाळ वाळवून, चाळून कुंभाराला पुन्हा वापरता येतो. त्यात प्लास्टर मिसळले की माती वाया जाते.

प्लास्टर साध्या पाण्यात जवळपास विरघळतच नाही. लिटरभर पाण्यात जेमतेम २ ते २.५ ग्रॅम मुरते. म्हणजे ५ किलोच्या मूर्तीला २,००० ते २,५०० लिटर पाणी लागेल. त्यासाठी मूर्तीच्या वजनाइतके अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घालून दर दोन-तीन तासांनी ढवळतात. साधारण ४८ तासांत तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरते. ते खत आहे, पण रंगीत मूर्तीचे पाणी भाजीच्या वाफ्याला घालू नये. स्वयंपाकाचा खायचा सोडा हा वेगळा पदार्थ. नावाच्या सारखेपणामुळे चुकून तोच आणला जातो. उग्र वास सुटत असल्याने हे काम उघड्यावरच करावे.

सगळ्यात वाईट चूक रात्री होते : काहील गटारात रिकामी केली की गाळाने गटार तुंबते, नदीकाठी ओतली तर सगळी मेहनत फुकट. पंचगंगेच्या प्रदूषणाचे मोठे कारण सांडपाणी आहे, मूर्ती नव्हेत, हेही लोकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. तरच विश्वास टिकतो.

कुंभारांना वगळून ही प्रथा चालणार नाही. नदीकाठच्या बापट कॅम्प कुंभार वसाहतीत २०१९ आणि २०२१ साली महापूर शिरला. न भाजलेली शाडूची मूर्ती पाण्यात विरते, प्लास्टरची टिकते. शाडूचा आग्रह धरणाऱ्या मंडळांनी जूनमध्येच आगाऊ रक्कम द्यावी आणि मूर्ती ठेवायला उंचावरची जागा मिळवून द्यावी.