उजव्या हाताला कोण बसले आहे?

मेंढीकोट खेळलेल्या माणसाला शेवटी पान टाकायची पाळी येण्याचे सुख काय असते हे सांगावे लागत नाही. तीन पाने उघडी पडलेली असतात. आपल्या भिडूचे पान वरचढ आहे का, कोणी हुकूम मारला आहे का, सगळे समोर दिसत असते. हातातली दश्शी सोडायची की राखून ठेवायची, हे तेव्हा लहान मूलही सांगेल. तीच दश्शी पहिल्यांदा उतरायची वेळ आली तर मात्र छातीत धडधडते.

पोकरमध्ये हा क्रम नुसता सुखाचा प्रश्न राहत नाही, त्याची किंमत चिप्समध्ये (पैशांच्या जागी वापरायच्या चकत्यांत) मोजता येते. म्हणूनच 'टेबलावर कुठे बसावे' हा प्रश्न गणिताचा आहे. शकुन-अपशकुनाचा किंवा 'लकी खुर्ची'चा त्याच्याशी काही संबंध नाही.

आधी खेळाची ओळख. सगळ्यांत जास्त खेळला जाणारा प्रकार टेक्सस होल्डेम. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात आणि मध्ये पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात: आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. पैसे लावण्याच्या चार फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत पाळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे प्रत्येकाकडून त्याच्या डाव्या शेजाऱ्याकडे जाते. आपली पाळी आली की पैसे लावायचे, दुसऱ्याने लावले असतील तर तेवढे भरायचे किंवा वाढवायचे, नाहीतर पाने टाकून द्यायची. कोणी काही लावलेले नसेल तर 'चेक' म्हणून पाळी पुढे सोडता येते. ज्याची पाळी उशिरा येते त्याला आधीच्यांनी काय केले ते माहीत असते. आधीच्यांना त्याच्याबद्दल काहीच माहीत नसते.

या माहितीचे मोल नेमके किती? अमेरिकी गणिती हॅरल्ड कुन यांनी 1950 साली यासाठी पोकरला पार सोलून काढले. पाने फक्त तीन: राजा, राणी, गुलाम. खेळाडू दोन. दोघांनी मध्ये एकेक चिप टाकायची, एकेक पान घ्यायचे, तिसरे पान तसेच झाकलेले. पहिल्याने हवी तर आणखी एक चिप लावायची, नाहीतर पाळी सोडायची. दुसऱ्यालाही तेवढीच मुभा. एकाने लावली तर दुसऱ्याने तेवढी भरायची किंवा डाव सोडायचा. मोठे पान जिंकते. संपला खेळ.

दोघेही एकही चूक न करता खेळले तरी पहिला खेळाडू सरासरीने दर डावाला 1/18 चिप हरतो. पाने सारखी, सुरुवातीचे पैसे सारखे, डोके सारखे. अठरा डावांमागे एक चिप जाते ती केवळ आधी बोलावे लागते म्हणून. मला हे उत्तर फार आवडते, कारण यात नशिबाच्या किंवा कौशल्याच्या मागे लपायला जागाच नाही. पहिल्याच्या हातात राजा आहे असे धरा. चिप लावली तर राणीवाला बहुतेक वेळा सावध होऊन पळतो. गप्प राहिले तर समोरचा लावेलच असे नाही, आणि मोठे पान असून मध्ये पडलेल्या चिपेवरच समाधान मानावे लागते. दुसऱ्याच्या हातात राजा आला तर त्याला हा पेच पडत नाही.

घरी चिंचोके घेऊन हा खेळ जरूर खेळून पाहा, पण शंभर डावांत निकाल लावू नका. शंभर डावांत पहिल्याचा अपेक्षित तोटा साडेपाच चिंचोक्यांचा, आणि नुसत्या नशिबाचा हेलकावा सुमारे बारा चिंचोक्यांचा. हा फरक नशिबाच्या गोंगाटातून वर यायला दोनेक हजार डाव लागतात. पोकर खेळणाऱ्या कित्येकांना जागेचे महत्त्व जाणवत नाही त्याचे हेच कारण असावे. रोज थोडे थोडे झिरपणारे पाणी, एका रात्रीत दिसत नाही.

खऱ्या पोकरमध्येही हे दिसून आले आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या मायकेल बोलिंग आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दोघांत खेळल्या जाणाऱ्या 'लिमिट' होल्डेमची (ज्यात दर वेळी किती लावायचे ते ठरलेले असते) जवळजवळ अचूक उकल जाहीर केली. सुमारे 4,800 प्रोसेसर 68 दिवस त्यावर राबत होते. उत्तर असे की दोन्हीकडून निर्दोष खेळ झाला तर डीलरच्या, म्हणजे पाने उघडू लागल्यावर शेवटी बोलणाऱ्या, जागेवरचा खेळाडू हजार डावांमागे साधारण 88 'बिग ब्लाइंड' जिंकतो. (बिग ब्लाइंड म्हणजे पाने बघण्याआधीच सक्तीने भरायची मोठी रक्कम.) त्या खेळात डीलरला सक्तीची रक्कम निम्मीच भरावी लागते, त्यामुळे सगळे श्रेय उशिरा येणाऱ्या पाळीला देता येणार नाही. कुनच्या खेळात दोघेही सारखेच भरतात, म्हणून तिथला 1/18 जास्त स्वच्छ.

आता इथे एखादा वाचक अडवेल: पोकरमध्ये डीलरचे बटन (डीलरची जागा कोणाची ते दाखवणारी खूण) दर डावाला एक जागा पुढे सरकते ना? मग शेवटी बोलायचा मान सगळ्यांना पाळीपाळीने मिळतोच. कुठेही बसा, काय फरक पडतो?

शंका रास्त आहे, आणि खरी गंमत तिच्याच पोटात आहे. बटन फिरते, शेजारी फिरत नाहीत.

नऊ जणांचे टेबल घ्या. पाने उघडायला लागल्यावर बटनाच्या डाव्या हाताचा खेळाडू आधी बोलतो आणि बटनवाला सर्वांत शेवटी. तुमच्या अगदी उजवीकडे बसलेला माणूस तुमच्या आधी बोलणार, फक्त बटन त्याच्यासमोर असेल तो एक डाव सोडून. म्हणजे नऊपैकी आठ डावांत तो आधी आणि तुम्ही नंतर. त्याच्या पलीकडचा सात डावांत तुमच्या आधी, त्याच्या पलीकडचा सहा. असे एकेक कमी होत तुमच्या डाव्या शेजाऱ्यापर्यंत आलात की उरतो एक. बाकी आठ डावांत तुम्ही काय केलेत ते पाहून मग तो ठरवणार. बटन कितीही फेऱ्या मारो, हे आकडे तुम्ही बसलात त्याच क्षणी ठरून जातात.

म्हणून 'चांगली खुर्ची कोणती' असे न विचारता 'माझ्या उजवीकडे कोण हवे' असे विचारायला हवे. ज्याची चाल आधी कळल्याने तुमचा सर्वांत जास्त फायदा होईल, तो. सतत मोठ्या रकमा लावणारा, कधी काय करील याचा नेम नसलेला खेळाडू उजव्या हाताला घ्यावा. त्याने रक्कम वाढवली तर तुम्ही एक चिपही न घालवता बेताची पाने टाकून देऊ शकता. पाने दमदार असतील तर आणखी वाढवून बाकीच्यांना पळवता येते आणि त्याला एकट्याला गाठता येते. हाच माणूस डावीकडे असला तर तुम्ही स्वस्तात पुढची पाने बघावीत म्हणून थोडे पैसे टाकता, आणि तो मागून रक्कम चौपट करतो. टाकलेले पैसे सोडून उठायचे, नाहीतर नको त्या पानांवर मोठा डाव खेळायचा, एवढेच हातात राहते. डावीकडे मोजूनमापून खेळणारे, बहुतेक डाव सोडून देणारे लोक बरे. ते डाव सोडतात तेव्हा शेवटी बोलण्याचा मान आपसूक तुमच्याकडे येतो. टेबलावरचा पैसा घड्याळाच्या दिशेने वाहतो, असे खेळाडू म्हणतात ते यामुळेच.

उशिरा बोलण्याचा एक फायदा मला विशेष सुंदर वाटतो. तुमच्याकडे दोन बदाम आहेत, मधल्या तिनांत दोन बदाम आले. आणखी एक आला की 'फ्लश' होतो, म्हणजे पाचही पाने बदामाची. न दिसलेल्या 47 पानांत नऊ बदाम, म्हणजे पुढच्याच पानाला जमण्याची शक्यता 19 टक्के, आणि दोन्ही पाने पाहायला मिळाली तर 35 टक्के. तुम्ही शेवटी असाल आणि सगळ्यांनी चेक केले असेल, तर तुम्हीही चेक करा. पुढचे पान फुकटात उघडते. हेच फुकटचे पान पहिल्या जागेवरून मागता येत नाही, कारण तुमच्या चेकनंतर कोणीतरी पैसे लावील की काय हे तुम्हाला ठाऊक नसते.

समोरच्याकडे चिप्स किती आहेत हेही पाहावे. ज्याच्याकडे चारपाच ब्लाइंडच उरले आहेत तो पहिल्याच फेरीत सगळे लावून मोकळा होतो. पुढे निर्णयच उरत नाहीत, मग नंतर बोलून मिळवणार काय? ढिगारा रचून बसलेल्याबरोबर मात्र चारही फेऱ्यांत निर्णय असतात आणि प्रत्येक फेरीत रक्कम फुगते. बेभरवशाचे दोघे असतील तर ज्याच्यापुढे ढीग मोठा, त्याला उजवीकडे ठेवा.

दृष्टीचा भाग त्यामानाने लहान. लंबगोल टेबलावर पाने वाटणाऱ्या कॅसिनोच्या माणसाच्या अगदी शेजारच्या जागांवरून पलीकडचा माणूस नीट दिसत नाही. वाटणाऱ्याच्या समोरच्या जागांवरून सगळे दिसतात. एक सवय मात्र लावून घेण्यासारखी: आपली पाने उचलण्याआधी डावीकडे एक नजर टाकणे. नवखे खेळाडू पाळी येण्याआधीच पाने टाकायच्या पवित्र्यात धरतात. ज्यांची चाल तुमच्यानंतर आहे त्यांची माहिती आधी मिळण्याची ही एवढीच संधी.

स्पर्धांत जागा चिठ्ठीने ठरते, तिथे निवड नाही. रोख खेळात, उदाहरणार्थ पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंच्या बोटींवर, रिकामी झालेली खुर्ची मागून घेता येते. पण एक गोष्ट चांगली खुर्चीही करू शकत नाही. कॅसिनो डावागणिक आपला वाटा कापून घेतो. सारख्याच तोलाचे खेळाडू जमले तर रात्र संपताना एकूण टेबल तोट्यातच असते. जागा निवडून तुम्ही शेजाऱ्याच्या खिशातले थोडे आपल्याकडे वळवू शकता. कॅसिनोच्या खिशाला हात लागत नाही.

आणि निवड एकदा करून भागत नाही. तासाभराने उजवीकडचा तो बेभरवशाचा खेळाडू उठतो आणि तुमच्या डावीकडच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसतो. खुर्ची तुमचीच, ढीग तुमचाच, पण आठाचे एक झाले. अशा वेळी त्याची नुकतीच रिकामी झालेली जागा तशीच रिकामी असेल तर तिच्याकडे बघू नका, तिथून तो आणखी एक घर पुढे, तुमच्या डावीकडेच राहील. त्याच्या पलीकडची, त्याच्या डाव्या हाताची खुर्ची कोण सोडतो याच्यावर लक्ष ठेवा.