कंटेनर म्हणजे तिजोरी नव्हे

'प्रॉक्सी डॉकर कंटेनरमध्ये टाकली की बाहेरून कुणी पोचत नाही, वर फायरवॉल आहेच' – अंधेरीत टपरीवरच्या कटिंगसोबत हे वर्षानुवर्षं ऐकतोय. (डॉकर कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायची सोय; प्रॉक्सी म्हणजे तुमच्या वतीने इंटरनेटशी बोलणारा मध्यस्थ प्रोग्रॅम.) चूक! पोर्ट उघडताना नुसतं '१०८०:१०८०' (मशीनचं पोर्ट:कंटेनरचं पोर्ट) लिहिलंत की डॉकर ते पोर्ट मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर उघडतं. लिनक्सवर ते आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची ट्रॅफिक गाळणी) स्वतःचे नियम घालतं, त्यामुळे यूएफडब्ल्यू या फायरवॉलने बंद केलेलं पोर्टही उघडंच राहतं. पुढच्या दाराला कुलूप, गॅलरीचं दार सताड. चाळीत राहिलेल्यांना कळेल.

त्याऐवजी '१२७.०.०.१:१०८०:१०८०' लिहा, म्हणजे पोर्ट फक्त त्याच मशीनपुरतं उघडतं. (डॉकर २८ च्या आधीचं असेल तर अपडेट करा, जुन्यात त्याच नेटवर्कवरच्याला तरीही शिरता यायचं.) पण हाच पत्ता कंटेनरच्या आत, प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये देऊ नका. तिथे १२७.०.०.१ म्हणजे कंटेनर स्वतः, आणि तुमचाच ब्राउझर बाहेर ताटकळतो. आत ०.०.०.० (म्हणजे सगळे पत्ते) हवं. माझी अख्खी दुपार यात गेलीय.