हॅबिटॅट ६७ मधली घरं स्वस्त पडली नव्हती

कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या हॅबिटॅट ६७ या गृहसंकुलाचे फोटो फिरतात आणि खाली हमखास लिहिलेलं असतं की काँक्रीटचे खोके कारखान्यात बनवले, एकावर एक ठेवले आणि लोकांना स्वस्तात घरं मिळाली. असं झालंच नाही हो! त्याचे वास्तुविशारद मोशे सफदी यांचा हेतू परवडणाऱ्या घरांचाच होता, पण मूळ आराखड्यातली हजारावर घरं कापून १५८ वर आली, खोके फक्त ३५४, आणि तेवढ्यासाठी साइटवरच अख्खा कारखाना टाकावा लागला, मग खर्च निघणार कुठून? आणि खोके नुसते रचलेले नाहीत, पोलादी केबल ताणून एकमेकांना जखडलेत. फायबरग्लासचं तयार बाथरूम आधीच आत बसवायचे आणि मग क्रेनने खोका उचलायचे, हे मला आजही भारी वाटतं. एकाच्या छपरावर दुसऱ्याची बाग! आज तिथली घरं चांगलीच महाग आहेत.