अंगठा करंगळीला लागतोय का?

डिसेंबरातली रात्र, चांदवडच्या डोंगरात पहाटेचे तीन वाजलेले. फौजेतून रिटायर झाल्यापासून मी भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना वर्षातून एकदा असं रात्रभर बाहेर काढतो, दहाच जण, कारण फौजेत सेक्शन, म्हणजे सगळ्यात लहान तुकडी, साधारण तेवढ्याचाच असतो. दर तासाला फिरून प्रत्येकाला एकच गोष्ट करायला लावतो, अंगठा करंगळीच्या टोकाला लाव. त्या रात्री एकाला ते जमेना. बोटं अर्ध्यात येऊन थांबायची, तो परत ट्राय करायचा आणि म्हणायचा, "सर मी ओके आहे, झोपू द्या ना." स्वेटरखाली हात घालून बघितलं तर टीशर्ट ओलाचिंब.

तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच ठीक वाटत होतं, आणि थंडीतली सगळ्यात मोठी भानगड हीच आहे. शरीराला आतून ३७ अंशांच्या आसपास तापमान लागतं, ते ३५ च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. गारठा वाढला की शरीर हातापायाकडच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, म्हणजे गरम रक्त काळीज, मेंदू यांच्यासाठी राखून ठेवतं, म्हणून आधी बोटं बधिर होतात आणि साधं बटण लागत नाही. मग हुडहुडी भरते. कुडकुडताना स्नायू नुसत्या पडून राहण्यापेक्षा चार-पाच पट उष्णता तयार करू शकतात, तेव्हा दात वाजवणारा पोरगा अजून लढतोय असं समजायचं. भीती त्याची, जो काही गरम न मिळताच कुडकुडायचा थांबलाय, कारण आतलं तापमान ३२ अंशांच्या आसपास उतरलं की ती थरथर बंद पडायला लागते. तोपर्यंत मेंदूही मंद झालेला असतो, माणूस चिडचिड करतो, बोलताना जीभ अडखळते, सरळ चालता येत नाही, आणि अगदी शेवटी तर काही जण अंग भाजतंय म्हणून कपडे काढून टाकतात. ज्या डोक्याने धोका ओळखायचा तेच डोकं गारठलेलं असतं हो, म्हणून फौजेत प्रत्येकाला बडी, म्हणजे जोडीदार असतो, तू त्याला बघ, तो तुला बघेल, आणि सेक्शन कमांडरने सगळ्यांना बघायचं.

लोक म्हणतात आपल्या नाशकात कुठला आलाय हायपोथर्मिया, बर्फ थोडीच पडतो. पण त्याला बर्फ लागतच नाही, ओले कपडे आणि वारा असला की १० अंशांतही माणूस गारठून आडवा होतो. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं आणि कॉटनचा टीशर्ट घाम धरून बसतो. हा पोरगा स्वेटर घालूनच डोंगर चढला होता. चढायला लागल्यावर दहा मिनिटांत सगळ्यांना थांबवून वरचा कपडा काढायला लावायचा असतो, ते मी केलं नाही, चूक माझी. निघताना थोडं काकडायलाच पाहिजे, आणि जाड कपडा मुक्कामावर पोचल्यावर घालायचा.

दुसरी गोष्ट जागेची. पोरांनी ओढ्याकाठी अंथरुणं टाकली होती, वारा नाही म्हणून. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन आपली उष्णता वर सोडून देते, तिला चिकटलेली हवा गार होते, गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगट जागेत साचते. द्राक्षवाल्यांना हे शिकवावं लागत नाही, निफाडला पारा पाच-सहावर आला की पहाटे बागेत शेकोट्या पेटतातच आणि सखल तुकड्याची काळजी जास्त. मी सगळ्यांना तीस-चाळीस फूट वर आडोशाला हलवलं, ओढ्यात ६ अंश होते, वर ९. आणि पांघरुणाइतकंच अंथरूण महत्त्वाचं, कारण खालची जमीन रात्रभर ऊब पीत राहते, म्हणून वाळलेलं गवत टीचभर जाड घालायचं. गोधडी का ऊब देते, तर थराथरांत अडकलेल्या हवेमुळे, गवतातही तेच.

बर्फात गेलं की अजून एक गोष्ट येते. गुलमर्गला १९४८ पासून फौजेचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे, त्या बाजूला ड्युटी केलेल्या कुणालाही विचारा, तहान लागली म्हणून बर्फ तोंडात टाकायचा नाही. एक किलो बर्फ वितळायलाच ८० किलोकॅलरी जातात, वर ते पाणी अंगाइतकं गरम करायला अजून ३७, आणि हे सगळं तुमच्या अंगातून. थंडीत तहान कमी लागते आणि लघवी जास्त होते, तेव्हा पाणी गरम करून कमांडरने स्वतः समोर उभं राहून पाजायचं. दारू मात्र अजिबात नाही, तिने कातडीकडच्या रक्तवाहिन्या सैल होतात, तेवढ्यापुरतं गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर निघून जाते.

त्या पोराला आम्ही आधी कोरडं केलं, ओलं सगळं उतरवून दोघांच्या मध्ये स्लीपिंग बॅगेत घातलं, हातपाय कुणाला चोळू दिले नाहीत कारण तिथलं गार रक्त एकदम काळजाकडे येऊ नये. नीट गिळतोय हे बघून गरम साखरपाणी घोटघोट दिलं. मग तो जोरात कुडकुडायला लागला तेव्हा बाकीची पोरं घाबरली, माझा मात्र जीव भांड्यात पडला. पाऊण तासाने करंगळी लागली.