फाटकावरची वही आणि भिंतीवरचं घड्याळ: सर्व्हर नेमका कशाने अडतो?

परवा परसोडीच्या आयटी पार्कजवळ तर्री पोहे खाताना मित्र वैतागून म्हणाला, "काऊन बे, लॅपटॉपवर पळणारा प्रोग्रॅम व्हर्च्युअल मशीनवर रांगतो. ऑडिट बंद केलं, तरी तेच!" लिनक्सवर दोष ऑडिटचा की घड्याळाचा, ही गल्लत हमखास होते, कारण दोन्हींत टॉप या कमांडमध्ये दिसतं एकच: कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, वेळ फुगलेला.

कळमना मार्केटच्या फाटकावर एक कारकून बसलाय असं समजा. आत जाणाऱ्या प्रत्येक गाडीची तो चौकशी करतो, हवी ती वहीत नोंदवतो. हे झालं ऑडिट. प्रोग्रॅमने फाइल उघडली, काही वाचलं, म्हणजे प्रत्येक सिस्टिम कॉलला (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागणीला) कर्नल नेहमीचा जलद रस्ता सोडून चौकशीच्या रस्त्याने जातो. नियम वरून खाली एकेक तपासले जातात, म्हणून यादी लांबली की खर्च वाढतो. गंमत म्हणजे ऑडिट चालू असेल तर नियम एकही नसला तरी हा वळसा पडतो. तो टाळायला 'टास्क, नेव्हर' असा नियम टाकतात, पण तो नंतर जन्मलेल्या प्रोसेसनाच लागू होतो.

वही भरली तर आणखी पंचाईत. नोंदींच्या रांगेची मर्यादा कर्नलमध्ये मुळात फक्त 64 आहे. रांग तुंबली की नोंद करू पाहणाऱ्या प्रोसेसलाच थांबवून ठेवतात. मग सगळं संथ होण्याऐवजी मधूनच अडकतं.

घड्याळाचं दुखणं निराळं. वेळ बघायला फाटकातून आत जावंच लागत नाही. कर्नलने व्हीडीएसओ नावाचं पान प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीत टांगलेलं असतं, जणू भिंतीवरचं घड्याळच. प्रोसेसरचे ठोके मोजणारा टीएससी काउंटर वाचून वेळ तिथल्या तिथे कळते, काही मोजक्या नॅनोसेकंदांत. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र टीएससीवर भरवसा नसला की कर्नल एचपेट किंवा एसीपीआय-पीएम या दुसऱ्या, संथ घड्याळांकडे वळतो. ही घड्याळं त्या पानावरून वाचता येत नाहीत. म्हणजे आधी सिस्टिम कॉल, मग हायपरव्हायझरपर्यंत (खऱ्या सर्व्हरवर अशी आभासी मशीनं चालवणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत) हेलपाटा. नॅनोचे मायक्रोसेकंद होतात. डेटाबेस आणि लॉग लिहिणारे प्रोग्रॅम तर सारखी वेळ विचारतात, त्यांचे हाल विचारू नका.

आणि इथेच दोन्ही एकमेकांत अडकतात. भिंतीवरचं घड्याळ वाचणारा फाटकावर येतच नाही, म्हणून ऑडिटला तो दिसत नाही. घड्याळ उतरलं की तोच माणूस वेळ विचारायला दर खेपेला फाटकातून जातो आणि कारकून त्याचीही चौकशी करतो. अशा वेळी ऑडिट बंद केलं तर थोडा फरक पडतो, आणि आपण खूश होऊन चुकीचा आरोपी पकडतो.

ओळखायचं कसं? प्रोग्रॅमला एस-ट्रेस (strace, सिस्टिम कॉल एकेक करून दाखवणारी कमांड) लावा. व्हीडीएसओतून झालेलं वाचन एस-ट्रेसला दिसत नाही. त्यामुळे क्लॉक-गेटटाइमच्या (वेळ विचारणाऱ्या कॉलच्या) ओळींचा पाऊस पडला, तर घड्याळ भिंतीवरून उतरलेलं आहे. (प्रोसेसने स्वतः किती सीपीयू खाल्ला, हे विचारणारे कॉल मात्र नेहमीच आत जातात, त्यांना दोष देऊ नका.) उलट, पर्फ बेंच या वेग मोजणाऱ्या कमांडची साधी सिस्टिम कॉलची चाचणी वेळ विचारत नाही; तीही मंद निघाली तर संशय ऑडिटवर.

मित्राच्या मशीनवर सिस-फाइलसिस्टिममधली करंट-क्लॉकसोर्स फाइल (सध्या कोणतं घड्याळ वापरात आहे ते सांगणारी) उघडली, तर आत एसीपीआय-पीएम! उपलब्ध यादीत केव्हीएम-क्लॉक हे व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेलं घड्याळ होतं, ते लिहिलं आणि प्रोग्रॅम पळू लागला. यादीत टीएससीही होतं, पण डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, कर्नलने त्याला अस्थिर म्हटलं होतं, म्हणून त्याला हात लावला नाही. ऑडिट त्याने त्याच संध्याकाळी पुन्हा चालू केलं. कामच हिशेबाचं होतं, वही लागणारच होती.